थोरल्या आजीचा दाखला

सांगलीतल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४६, मूळ गाव तासगाव तालुक्यात. गेल्या वर्षी वडील वारले. वारस नोंदीसाठी गावच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा सातबारे आणि खरेदीखतांच्या गठ्ठ्यात एक पिवळा पडलेला कागद निघाला : मृत्यूच्या नोंदीचा उतारा. नाव आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, पहिल्या बायकोचं. घरात तिला 'थोरली आजी' म्हणतात. थोरली १९४४ च्या सुमारास मुदतीच्या तापाने गेली, तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती, असं सगळ्यांनी ऐकलेलं. ती मुलगी म्हणजे पत्रलेखिकेची आत्या. १९४५ मध्ये आबांनी दुसरं लग्न केलं. ही दुसरी बायको पत्रलेखिकेची सख्खी आजी. तिनेच आत्याला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. आजीच्या गळ्यात शेवटपर्यंत सवतीचा टाक, म्हणजे मेलेल्या सवतीच्या नावाचा धातूचा ठसा, होता.

कागदावर मात्र मृत्यूची तारीख जानेवारी १९५३ ची आहे. ठिकाण मिरज, एका पेठेतलं घर. वय ३०. कारण 'क्षय'. खबर देणाऱ्याच्या रकान्यात आबांचं नाव, नातं 'पती', नोंद मृत्यूच्याच दिवशीची. खाली 'दक्षिण सातारा' असा शिक्का, जो त्यांना खोटा वाटतो. उतारा घेतल्याची तारीख १९५८ ची.

त्या लिहितात, "आबांनी थोरल्या आजीला नऊ वर्षं जिवंतपणी मेलेली ठरवलं. ज्यांच्या मांडीवर मी वाढले ते इतके निर्दय होते? आणि आजीला हे ठाऊक होतं का? आत्या आता ८४ वर्षांची आहे, कऱ्हाडला लेकीकडे असते. तिला सांगू की नको? चुलतभाऊ म्हणतो, कागद जाळून टाक. आजीच्या नावाला बट्टा लागेल, घरात क्षय होता हे कळलं तर पोरींच्या लग्नात अडेल, आणि जमिनीचं काही उकरून निघालं तर निस्तरायचं कुणी? मला रात्रीची झोप लागत नाही."

---

तुमच्या पत्रातलं पहिलंच वाक्य मी आधी बाजूला काढून ठेवते. थोरल्या आजीला नऊ वर्षं मेलेली ठरवलं, असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. कागदावर एक नाव आहे, एक तारीख आहे, एक गाव आहे आणि मरणाचं एक कारण आहे. मधली नऊ वर्षं तुम्ही भरलीत. तसं होणं साहजिक आहे. पण आबांबद्दल इतका मोठा निकाल द्यायचा, तर कागद आधी रकान्यागणिक वाचावा लागेल. आपण तो एकदा बरोबरीने वाचू.

तुमच्या हातात आहे ती मूळ नोंद नव्हे. १९५८ मध्ये कुण्या कारकुनाने नोंदवहीवरून हाताने उतरवून दिलेली नक्कल आहे. घाईत लिहिलेला देवनागरी ४ आणि ५ किती सारखे दिसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मूळ नोंद १९४३ ची असेल आणि नक्कल करताना ४ चा ५ झाला असेल, तर ही सगळी कहाणी एका आकड्यावर उभी आहे. घरच्यांच्या तोंडचं '४४ च्या सुमारास' आणि १९४३ चा जानेवारी यांत फार अंतर नाही. शिवाय क्षयाची सुरुवात बारीक तापानेच होते, त्यामुळे 'तापाने गेली' हेही त्यात बसतं.

दक्षिण साताऱ्याच्या शिक्क्याने काही सिद्ध होतं असं समजू नका. सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग १९४९ मध्ये झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. १९५८ साली दिलेल्या कोणत्याही नकलेवर तोच शिक्का बसणार, मग आतली नोंद १९५३ ची असो की त्याच्या आधीची. तुम्हाला तो खोटा वाटला होता, तसा तो मुळीच नाही. पण मृत्यूच्या सालाबद्दल तो गप्प आहे.

१९५३ च्या बाजूने एक गोष्ट जाते, ती म्हणजे वय. १९५३ मध्ये ३० म्हणजे आत्यांच्या जन्माच्या वेळी थोरली अठराएक वर्षांची होती. त्या काळच्या पहिलटकरणीला हे वय जुळतं. १९४३ मध्ये ३० धरलं तर पहिलं मूल अठ्ठाविसाव्या वर्षी, हे तेव्हा विरळा. अर्थात जुन्या नोंदींत वय अंदाजाने सांगितलेलं असायचं आणि अंदाज बहुधा २५, ३०, ३५ असाच येऊन थांबायचा. तेव्हा वयावर फार भार टाकू नका, पण नजरेआडही करू नका.

म्हणून पहिलं काम म्हणजे मूळ नोंदवही पाहणं. ते झाल्याशिवाय कऱ्हाडला जाऊ नका. एवढी मोठी गोष्ट आत्यांना सांगायची आणि महिन्याने 'चुकलं, तो आकडा ४ होता' म्हणायचं, हे त्यांच्या वयाला सोसणार नाही.

हे कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण गेल्या काही वर्षांत असे प्रश्न घेऊन येणारे बरेच आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी रजिस्टरं उघडली गेली. जातीचा रकाना पाहायला गेलेल्या माणसाला शेजारच्या रकान्यात पणजीच्या मरणाचं कारण सापडतं आणि ते मनातून जात नाही.

तुमच्या उताऱ्यावर नोंदीचा अनुक्रमांक असेल, कदाचित नोंदवहीचं पानही असेल. मिरज नगरपालिका १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे, तेव्हा चौकशी तिथल्या जन्म-मृत्यू विभागात करा. अर्जात थोरल्या आजीचं नाव, नवऱ्याचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, नोंदीचा क्रमांक लिहा आणि उताऱ्याची झेरॉक्स जोडा. शोध १९४३ आणि १९५३ अशा दोन्ही सालांत घ्यावा असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर एकच साल पाहून 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर मिळेल. नवा दाखला मिळाला आणि त्यावर कारण दिसलं नाही, तर कोणी लपवलं असं वाटून घेऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करता येत नाही. तुमचा उतारा त्या कायद्याआधीचा आहे, म्हणून त्यावर ते उरलं आहे. नोंदवही डोळ्यांनी पाहता आली तर उत्तम. तारीख अक्षरी लिहिली आहे का, मागच्या-पुढच्या नोंदी कोणत्या सालच्या आहेत, एवढं पाहिलं की आकड्याचा प्रश्न सुटतो.

दुसरीकडे तासगावच्या तहसील कार्यालयात तुमच्या गावचा गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर, १९४३ ते १९४५ या सालांसाठी पाहायला मागा. पानं मोडीत असतील तर मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गांतून शिकलेले लोक आपल्या भागात आता सापडतात. त्या रजिस्टरात थोरलीच्या मृत्यूची नोंद निघाली तर मिरजेची नोंद दुसऱ्या कुणाची तरी असण्याचा संभव वाढतो. भावकीत नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल असल्याने तेच नाव, तेच आडनाव असलेली दोन जोडपी एका गावात असू शकतात. गावात नोंद नाहीच निघाली, तर त्यावरून मात्र काही ठरत नाही. त्या काळी सगळी मरणं वहीत येत नसत. शिवाय १९४४ मध्ये तासगाव इंग्रजी मुलखात आणि मिरज संस्थानात होतं. मिरजेत झालेलं मरण तासगावच्या गावदप्तरात यायचं कारणच नव्हतं. मूळ नोंद संस्थानी काळातली निघाली आणि महानगरपालिकेत वही नसली, तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारून पाहा. मार्च १९४८ मध्ये ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यानंतर त्यांची दप्तरं एका जागी राहिली नाहीत.

आणि हो, कागदाची मागची बाजू वाचलीत का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. नकलेच्या पाठीवर किंवा तळाशी अर्ज कोणी केला, फी किती भरली, नक्कल कोणाच्या हाती दिली हे पुष्कळदा लिहिलेलं असतं. १९५८ मध्ये हा उतारा मागणारा माणूस कोण, हे कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आबा असतील तर एक अर्थ, थोरलीचा भाऊ असेल तर वेगळा.

आता धरून चालू की १९५३ हेच बरोबर आहे. माझाही कल तिकडेच आहे. मग तुमच्या आबांचं काय?

खबर देणाऱ्याच्या रकान्यावरून तुम्ही फार भरभर पुढे गेलात. मृत्यू ज्या दिवशी झाला त्याच दिवशी आबांनी स्वतः खबर दिली आणि नात्याच्या जागी 'पती' लिहवलं. म्हणजे त्या दिवशी ते मिरजेत होते. आदल्या रात्री होते की निरोप आल्यावर पोचले, हे कागद सांगत नाही. पण नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईच्या मरणाची खबर बहुधा माहेरचे देतात. आबांनी गावात काहीही सांगितलं असेल. मिरजेच्या नगरपालिकेत ते नवरा म्हणून उभे राहिले. हा रकाना त्यांना निर्दोष ठरवत नाही, पण तुमच्या मनातला निर्दय माणूसही त्यात बसत नाही.

१९४४ मध्ये क्षय म्हणजे काय होतं, तेही समोर ठेवा. रोगाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण त्यावर चालणारं औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत १९४३ मध्ये सापडलं, आयसोनियाझिड १९५२ मध्ये आलं, आणि ही औषधं आपल्याकडच्या शेतकरी घरापर्यंत पोचायला पुढे वर्षं लागली. तोवर उपचार एवढाच : मोकळी हवा, दूध-अंडी, पडून राहणं, जमलंच तर फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरणं. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी मिशनचं आरोग्यधाम होतं, आणि उपचारासाठी मिरजेला येऊन राहणं ही तेव्हाही नवी गोष्ट नव्हती. थोरली मिरजेतल्या पेठेत का राहत होती याचं उत्तर इथे असू शकतं. खोकल्यातून रक्त पडणाऱ्या बाईच्या कुशीत तीन वर्षांची मुलगी झोपू द्यायची नाही, हे डॉक्टर तेव्हाही सांगत. घरात राहून औषध घेतलं तरी रुग्ण तितकाच बरा होतो आणि घरच्यांना वेगळा धोका वाढत नाही, हे मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. थोरलीला त्याचा उपयोग नव्हता. ती आधीच गेली होती.

म्हणजे मुलीला आईपासून दूर ठेवण्यामागे मुलगी वाचावी हा हेतू असू शकतो. तो होताच, असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट मोडून तिच्या जागी दुसरी, जास्त गोड गोष्ट बसवायला तुम्हाला मदत करावी अशी माझी इच्छा नाही.

दुसऱ्या लग्नाबद्दल थोडक्यात. मुंबई प्रांतात हिंदूंना पहिली बायको असताना दुसरी करायला बंदी आली ती १९४६ च्या कायद्याने. आबांचं लग्न त्याच्या आधीचं. कायद्याच्या नजरेत ते गुन्हेगार नव्हते, आणि तुमच्या आजीचं लग्न किंवा तुमच्या वडिलांचा जन्म यांवर या कागदाने कसलीही सावली पडत नाही. चुलतभावाला हे आधी सांगा. त्याची निम्मी भीती इथेच आहे असं मला वाटतं.

तीन वर्षांच्या मुलीला 'आई देवाघरी गेली' सांगणं मी समजू शकते. पण तीच मुलगी सात वर्षांची झाली, दहाची झाली, बाराची झाली, आणि तासगावाहून मिरज काही परमुलूख नव्हे. एकदा लांबून, दारातून, आईला पाहू देता आलं असतं. ते का केलं नाही, याचं उत्तर आबांनाच द्यावं लागलं असतं. तुम्ही त्यांच्यावर रागावलात तर मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त तो राग सगळ्या माणसावर काढू नका. ज्या आबांनी तुम्हाला मांडीवर घेतलं ते खोटे नव्हते. हे सगळं मनात ठेवून जगलेला माणूस तुम्हाला मांडीवर घेत होता.

तुमच्या आजीकडे येते. तिला ठाऊक होतं का, हा प्रश्न तुम्ही पत्रात एका ओळीत विचारून सोडून दिलात. मला वाटतं, खरी बोच तिथेच आहे. आजीला मानता म्हणून तो प्रश्न मोठ्याने विचारवत नाही. याचं उत्तर कागदात नाही, पण घरात सापडू शकतं. सवतीचा टाक मेलेल्या सवतीच्या नावाने बांधतात. तो आजीच्या गळ्यात लग्नातच बांधला, की पुढे कधीतरी करून घेतला? टाक १९४५ चा असेल तर लग्नापूर्वी आजीलाही 'पहिली गेली' असंच सांगितलं असणार. ती त्या वेळी कोवळी पोर होती आणि तिचीही फसवणूक झाली. १९५३ नंतरचा असेल तर आजीला सगळं ठाऊक होतं आणि थोरली खरोखर गेल्यावरच तिने तिला गळ्यात बांधली. या दोन्हींत आजीच्या नावाला बट्टा लागावा असं मला काही दिसत नाही. भाद्रपदात अविधवा नवमीला थोरलीच्या नावाने सवाष्ण जेवू घालायला तुमच्या घरी कधी सुरुवात झाली, हेही जुन्या बायकांना विचारा. तिथी-श्राद्धांच्या बाबतीत आपल्याकडच्या बायका सहसा खोटेपणा करत नाहीत. लोकांना काहीही सांगतील, पण जिवंत बाईचं पान वाढणार नाहीत.

आणखी एक धागा. आत्यांच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं राहिलं? मुलीला बोहल्यावर आणायला थोरलीचा सख्खा भाऊ आला असेल, तर थोरलीच्या माहेराशी संबंध तुटले नव्हते आणि मामाला सगळं माहीत होतं. मामाकडची माणसं शोधा. मुलीच्या माहेरची बाजू आपल्या वंशावळींत कोणी लिहीत नाही. गावात येणारे, वंशावळी सांगणारे हेळवी असोत की नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्ये, त्यांच्याकडच्या नोंदी पुरुषांच्या वंशाने पुढे जातात. पणजीचा माग घ्यायचा तर तिच्या भावाच्या घरी जावं लागतं, हे असा शोध घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

आता आत्या.

तुम्ही विचारलंत, सांगू की नको. या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की आत्यांना काही माहीत नाही. मला याची खात्री वाटत नाही. बारा वर्षांच्या मुलीला घरात काय चाललंय ते कळतं. जानेवारीतल्या एका दिवशी बाप मिरजेला गेला, परत आला तेव्हा त्याने डोकं भादरलेलं होतं, घरात दहा दिवस सुतक पाळलं; यातलं काहीही झालं असेल तर त्या मुलीच्या लक्षात राहिलं असेल. कदाचित त्यांनी आयुष्यभर तुमच्या आजीला दुखवायला नको म्हणून तोंड उघडलं नसेल. तसं असेल तर त्या फार वर्षं एकट्याने हे धरून आहेत.

म्हणून कऱ्हाडला जाल तेव्हा सांगायला जाऊ नका, ऐकायला जा. कागद पिशवीत असू द्या. सणावाराचा, माणसांचा दिवस टाळा. सकाळची वेळ धरा, त्यांची गोळी-औषधं, नाश्ता झाल्यावर. त्यांच्या लेकीला आधी फोन करून सगळं सांगा आणि ती घरात असेल असं बघा. आईचं बीपी, आईची झोप ती तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. तिचं मत वेगळं पडलं तर ऐकून घ्या, पण नकाराचा अधिकार तिचाही नाही, तो आत्यांचाच. मग नेहमीच्या गप्पांत विचारा, 'आत्या, तुला तुझी आई आठवते का गं?' आणि गप्प बसा. उत्तराला वेळ लागेल. त्या जे सांगतील त्यात दुरुस्त्या करू नका.

त्यानंतर एकच वाक्य : 'ट्रंकेत तुझ्या आईच्या नावाचा एक कागद सापडलाय. तुला बघायचा आहे का, की राहू दे?' त्या 'राहू दे' म्हणाल्या तर राहू द्या. पुन्हा विषय त्या काढतील तेव्हाच. 'दाखव' म्हणाल्या तर आधी तारीख सांगा, मग गाव, आणि आबांनी स्वतः खबर दिली हे कारणाच्या आधी सांगा. हे मी मुद्दाम म्हणते आहे. आपण बारा वर्षांच्या होईपर्यंत आई जिवंत होती आणि बापाने ते लपवलं, एवढंच त्यांनी ऐकलं तर पोकळी फार मोठी होते. ती गेली त्या दिवशी बाप मिरजेत होता, हेही तितकंच खरं आहे आणि त्याच कागदावर आहे. त्या रडतील, चिडतील, तुमच्या आजीबद्दल काही कडवट बोलतील. त्या वेळी आजीची बाजू घेऊ नका. तुम्ही तिची नात आहात, पण समोर बसलेली बाई त्या क्षणी थोरलीची मुलगी आहे.

हे सगळं लांबवू नका, एवढंच सांगेन. महानगरपालिकेचं उत्तर यायला उशीर लागला तर पाठपुरावा करा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ८४ वर्षांच्या माणसाकडे थांबायला फार वेळ नसतो. दोन-तीन महिने खटपट करूनही नोंदवही मिळालीच नाही, तर 'आकड्याबद्दल शंका आहे' एवढं स्पष्ट सांगून मग जा.

चुलतभावाच्या बाकीच्या दोन भीतींबद्दल. क्षय हा जंतूंनी होणारा रोग आहे. रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा नाही. ७० वर्षांपूर्वी मिरजेत गेलेल्या बाईमुळे आजच्या मुलींना काही होणार नाही. त्यात तुम्ही आणि तो, दोघेही धाकटीची नातवंडं. थोरलीशी तुमचं रक्ताचं नातंही नाही. ज्या स्थळाला एवढ्यावरून शंका येईल तिथे मुलगी न दिलेलीच बरी. आज कुणाला दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधं मोफत मिळतात आणि माणूस बरा होतो. थोरलीच्या वेळी जी लपवाछपवी झाली ती या रोगाच्या नावाच्या भीतीनेच झाली असावी. तीच भीती तुमचा भाऊ पुन्हा पुढे चालवतो आहे, हे त्याला शांतपणे दाखवून द्या.

जमिनीचं म्हणाल तर मृत्यूच्या उताऱ्याने कुणाचा हक्क आपोआप जात नाही किंवा येत नाही. पण १९५८ मध्ये हा उतारा काढला गेला आणि जमिनीच्याच गठ्ठ्यात ठेवला गेला, त्याअर्थी तो कुठल्यातरी नोंदीसाठी लागला असावा. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या सुमाराचे फेरफार पाहा, तुमच्या गावचे आणि थोरलीच्या माहेरगावचेही. वारसाच्या फेरफारात 'अमुक मयत, वारस तमुक' असं लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा मृत्यूची तारीखही असते. म्हणजे १९५३ की १९४३ याचा आणखी एक पुरावा तिथे मिळू शकेल. थोरलीच्या नावे माहेरची काही जमीन होती आणि वारस म्हणून आत्यांचं नाव लागायला हवं होतं, असं काही निघालं तर? मग ते आत्यांना कळायला हवं, आणि तुम्हाला वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल. हे कळू नये म्हणून कागद जाळायचा असेल, तर भावाने तसं स्पष्ट बोलावं. तो वाद वेगळा, आणि त्यात मी आत्यांच्या बाजूने आहे.

कागद जाळू नका. लॅमिनेशनही करू नका आणि सेलोटेप लावू नका, जुना कागद त्याने खराब होतो. दोन्ही बाजूंचे स्वच्छ उजेडात फोटो काढा, एक प्रत आत्यांच्या लेकीकडे, एक तुमच्याकडे, एक भावाकडे. घर पुराच्या पट्ट्यात असेल तर मूळ कागद वरच्या मजल्यावर हलवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत किती घरांची कागदपत्रं कृष्णेच्या पाण्यात गेली ते आपण पाहिलं आहे. कागद कुठल्या ट्रंकेत, कुठल्या गठ्ठ्यात, कशाशेजारी सापडला हे वेगळ्या कागदावर लिहून त्याला जोडा. काही वर्षांनी तुम्हालाही ते नेमकं आठवणार नाही.

मूळ कागद आत्यांना हवा असेल तर त्यांना द्या. तुमच्या वडिलांच्या ट्रंकेत सापडला म्हणून तो तुमचा होत नाही, आणि भावाचा तर नाहीच. त्या घ्यायला तयार नसतील तर पाकिटात घालून, वर त्यांचं आणि थोरल्या आजीचं नाव लिहून, कुठे ठेवला आहे ते त्यांच्या लेकीला सांगून ठेवा.